सोवळ्याबाहेरचे सत्य

१८९२ साली शहापूर तालुक्यातल्या तानसा नदीवर बांधलेल्या दगडी धरणाचे पाणी मुंबईला पोहोचले. भातसानगरहून निघून आसनगाव-आटगावच्या बाजूला आले, की महामार्गाच्या एका अंगाला भातसा आणि दुसऱ्या अंगाला तानसा लागतो. हा सगळा मुलूखच मुंबईच्या घागरी भरण्यात गुंतलेला आहे. (चैत्र-वैशाखात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात, तो हिशेब वेगळा.) भातसा फार नंतरचा. तानसा मात्र अशा काळातला, जेव्हा कर्मठ घरांत नळाच्या पाण्यावरून वाद होत. चावीत चामड्याची चकती असते, तेव्हा पिण्याला नळ चालेल, पण देवाच्या अभिषेकाला विहिरीचेच पाणी हवे, अशी तडजोड पुष्कळ ठिकाणी निघाली होती. तानशाच्या नळाला यातले काही ठाऊक नव्हते. त्या नळाला वाडा आणि चाळ सारखीच.

हे पाणी येऊन वर्ष होते न होते तोच, १८९३ च्या मार्च महिन्यात, मुंबईत शिकवण्यांवर आणि तात्पुरत्या नोकऱ्यांवर दिवस काढणाऱ्या सत्ताविशीच्या आसपासच्या एका मास्तराने ‘तुतारी’ ही कविता लिहिली. कृष्णाजी केशव दामले हे त्याचे नाव. मराठी वाचक त्याला केशवसुत म्हणून ओळखतात. शाळेत ही कविता बहुतेकांना पाठ करावी लागते, आणि पाठ केलेल्या कवितेचे जे होते तेच हिचेही झाले. तिच्यात चीड कशाची आहे, हे विचारायचे राहून गेले. जुने मोडा, नवे घडा, एवढाच अर्थ हाती उरला. जुने म्हणजे नेमके काय, हे समजायचे तर त्या तीन-चार वर्षांत पुण्या-मुंबईत काय चालले होते ते पाहावे लागते.

चहाचीच गोष्ट घ्या. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कुणी चहा प्याले, कुणी पेला नुसता हातात धरून पुन्हा खाली ठेवला. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, खोडसाळपणात कुणाला हार न जाणारे) यांनी हजर असलेल्यांची यादीच ‘पुणे वैभव’ पत्राच्या हवाली केली आणि शहर पेटले. ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराच्या भाषा झाल्या. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. न्यायासनावर बसून लोकांच्या खटल्यांचा निकाल देणारा माणूस एका पेल्याच्या खटल्यात आरोपी म्हणून उभा राहिला. रानड्यांच्या अनुयायांना हे फार लागले. मध्ये १८९१ चा संमतिवयाचा कायदा येऊन गेला होता, आणि त्यावरच्या गदारोळाने सुधारक आणि सनातनी यांच्यातला उरलासुरला सभ्यपणाही संपला होता.

या सगळ्याला तर्काने उत्तर देणारा माणूस होता गोपाळ गणेश आगरकर. त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. पटेल तेच मान्य, मग ते कुणीही सांगितलेले असो, ही त्यांची भूमिका. मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेल्या या माणसाची पुण्याच्या कर्मठांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, दम्याने ते गेले. केशवसुत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधले विद्यार्थी. ज्या शाळेच्या उभारणीत टिळक आणि आगरकर दोघेही होते, तिच्याच बाकांवर ते बसले. मॅट्रिक व्हायला त्यांना तेवीस वर्षांचे व्हावे लागले, पण आगरकरांचा विचार त्यांच्या अंगात आधीच भिनला होता. तरीही ‘तुतारी’ म्हणजे वृत्तात बसवलेला ‘सुधारक’चा अग्रलेख, असे जे कधीकधी म्हटले जाते, ते मला पटत नाही. आगरकरांना सत्य वादातून सापडायचे होते. केशवसुतांचा वादावर तितका भरवसा नव्हता.

त्यांचा भरवसा कशावर होता, ते समजायला समुद्रापलीकडे थोडे जावे लागेल. १८११ मध्ये ऑक्सफर्डने पर्सी शेली नावाच्या विद्यार्थ्याला काढून टाकले. ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मागणारी एक छोटी पुस्तिका त्याने छापली होती आणि ती आपली नाही असे म्हणायला तो तयार नव्हता. पण हाच शेली पुढे कवितेत भणाणत्या वाऱ्याशी, पर्वताशी, आकाशात गाणाऱ्या पाखराशी अशा भाषेत बोलतो, जी फक्त प्रार्थनेतच शोभावी. इंग्रजी रोमँटिक कवींचा हाच पेच आहे. वर्ड्‌स्वर्थने आणि कोलरिजने १७९८ मध्ये आपला पहिला संयुक्त संग्रह काढला, तेव्हापासून ही मंडळी चर्चमधून बाहेर पडून रानात शिरली. सोबत त्यांनी भक्तिभाव नेला आणि पाद्र्याला मागे ठेवले. सत्य पोथीत लिहून ठेवलेले नसते. ते एकट्या माणसाच्या अंतःकरणात, एखाद्या तीव्र क्षणी उगवते, आणि कवी हा त्या क्षणाचा साक्षीदार असतो, अशी ही श्रद्धा. पालग्रेव्हने निवडलेला ‘गोल्डन ट्रेझरी’ हा काव्यसंग्रह १८६१ मध्ये निघाला आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी शाळा-कॉलेजांत घरोघरच्या पंचांगासारखा रुजला. बोटीच्या एकाच फेरीत मिशनऱ्यांची पत्रके, मिलचा तर्क आणि शेलीची कविता अशी तिन्ही गाठोडी मुंबई बंदरात उतरली. कुणी कुठले उचलले, यावर त्या पिढीतल्या मराठी माणसांची आयुष्ये ठरली.

केशवसुतांनी तिसरे गाठोडे उचलले. पण उचलताना त्यात आपले सामान मिसळले.

‘तुतारी’तला आवाज वाद घालत नाही. तो वाद्य मागून घेतो, प्राण पणाला लावून फुंकतो आणि झोपलेल्यांना हाका मारतो. धर्माचा गाजावाजा करणारे नीतीला कसे पाठ दाखवतात, हा आरोप त्यात उघड आहे. पण आरोपाला पुरावा म्हणून श्रुती-स्मृतीतले एकही वचन आलेले नाही. ही साधी गोष्ट वाटते, पण तशी ती नाही. त्या काळातले बहुतेक सुधारक शास्त्राशी शास्त्रानेच लढत. विधवाविवाहाला पराशराचा आधार काढ, संमतिवयाला आणखी कुणाचा. रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसेही या खेळात होती, कारण समोरच्याला तीच भाषा कळत होती. केशवसुतांनी तो फड सोडूनच दिला. धर्माच्या पंचायतीने दिलेला निकाल चूक की बरोबर, यात ते शिरलेच नाहीत. निकाल देण्याचा तिचा अधिकारच त्यांनी मानला नाही. त्या अधिकाराच्या जागी त्यांनी बसवली स्फूर्ती. आणि स्फूर्तीला ना शंकराचार्यांचे पीठ लागते, ना संस्कृत.

मग हे नास्तिकाचे काव्य आहे का? ‘मूर्तिभंजन’ या त्यांच्या कवितेचे नाव ऐकून तसे वाटेल. पण ती कविता उघडून पाहिली तर मूर्ती फोडण्यामागचे कारण निराळेच निघते. आत काहीतरी मौल्यवान दडलेले आहे, ते हाती यावे म्हणून फोडायचे. सोमनाथाच्या पोकळ मूर्तीतल्या रत्नांची दंतकथा आपल्याकडे गझनीच्या महमुदाच्या नावाने सांगितली जाते. केशवसुतांनी लुटारूच्या या कृतीला साधकाच्या कृतीचे रूप दिले. माझ्या मते मराठी कवितेतली ती एक फार धाडसी उलटापालट आहे. आत काहीच नाही म्हणून फोडणारा नास्तिक. आत आहे म्हणून फोडणाऱ्याला काय म्हणायचे? आपल्या संतांकडे पाहिले तर हा प्रश्न अगदीच परका वाटत नाही.

‘तुतारी’च्याच वर्षी आलेल्या ‘झपूर्झा’त ते आणखी पुढे जातात. मुलींच्या खेळात जो गरगर फिरण्याचा आनंद असतो, तो तिथे ज्ञानाच्या शोधाला लावला आहे. सुखदुःखाच्या पार गेलेल्या, जगाने वेडे ठरवलेल्या माणसांना तिथे काहीतरी दिसते. त्यांची नांगरणी अजून कुणी न नांगरलेल्या रानात चालू असते. समीक्षकांनी या कवितेवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. वाचकाने मात्र ती एकदा मोठ्याने म्हणून बघावी. गिरकीचा ठेका अर्थाच्या आधी कानात शिरतो. जुन्या पंडिती कवितेतली अक्षरगणवृत्ते मागे सारून केशवसुतांनी मात्रांच्या मोकळ्या चाली धरल्या, त्याचा फायदा इथे कळतो. इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेटही त्यांनीच मराठीत रुळवला.

आणि १८९८ चा ‘नवा शिपाई’. कवितेतला हा शिपाई जातीचे, धर्माचे, पंथाचे एकेक बिल्ले काढून टाकतो आणि सगळीकडे आपलीच माणसे बघतो. आज ही भूमिका सभासमारंभात सहज टाळी घेऊन जाते. चहाच्या पेल्यावरून न्यायमूर्तीला प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी एका चित्पावन मास्तराने हे लिहिणे म्हणजे काय होते, ते लक्षात घेतले तर टाळीचा हात जरा थांबेल.

हा मास्तर स्वतः मात्र बंडखोराच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही. रत्नागिरीजवळच्या मालगुंडचा जन्म, घरात भावंडांचा मोठा गोतावळा. एक भाऊ मोरो केशव दामले पुढे मराठीचे मोठे व्याकरणकार झाले. केशवसुत स्वभावाने बुजरे, एकलकोंडे. त्यांचे एकही छायाचित्र नाही, आपण जी पाहतो ती कल्पनेने काढलेली चित्रे. हातात तुतारी घेतलेला माणूस प्रत्यक्षात चारचौघांत तोंड उघडायला कचरत असे, हे मला तरी विसंगत वाटत नाही. ज्याला चौकात बोलता येते त्याला कविता कशाला लागते? नोकरीसाठी गावोगाव फिरून ते खानदेशात फैजपूरला हेडमास्तर झाले, तिथून धारवाडला गेले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने त्यांना गाठले. पत्नीही काही दिवसांतच गेली. सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान कविता मागे राहिल्या, त्याही मासिकांत विखुरलेल्या. पुस्तक निघाले ते १९१७ मध्ये, हरि नारायण आपट्यांच्या पुढाकाराने. प्रायश्चित्त, बहिष्कार, ग्रामण्य यांपैकी काही त्यांच्या वाट्याला आले नाही. कवितेतले बंड कर्मठांना बंड वाटलेच नसावे. कविता म्हणजे कविता!

किंमत मोजली ती त्यांच्या मित्राने.

नारायण वामन टिळक आणि केशवसुत यांची ओळख नागपूरची, केशवसुत तिथे शिकायला होते तेव्हाची. टिळक पाच वर्षांनी मोठे, कीर्तन-पुराणांत मुरलेले, शीघ्रकवी, संसारात बेफिकीर. १८९३ मध्ये, म्हणजे मुंबईत ‘तुतारी’ लिहिली जात होती त्याच साली, ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या. उतरताना त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी वाचू म्हणून शब्द दिला होता, तो पाळला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेचा खरा दस्तऐवज टिळकांच्या कवितेत नाही. तो आहे त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीनंतर नात्यातल्या एकाला फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. इतका, की मीठ आणि साखरही त्यातून सुटली नाही. मीठ धुतल्यावर मागे काय राहत असेल? लक्ष्मीबाई हे सगळे इतक्या हसतखेळत सांगतात, की वाचणाऱ्याला आधी हसू येते आणि मग त्या घरात वाढणाऱ्या लेकरांचे पोट आठवते. असल्या घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. चारेक वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या मुलाला घेऊन पंढरपुरात नातलगांकडे, ते नगरला मिशनमध्ये. पुढे त्या नगरला आल्या त्याही आपले सोवळे बरोबर घेऊन, चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा सांगतो म्हणून त्यांनी काही सोडले नाही. पुष्कळ दिवस स्वतःशी झगडून त्यांनी आपल्यापुरता निकाल काढला, की जात देवाने केलेली नाही. मग कुणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. या प्रकरणातल्या सगळ्या सत्यशोधकांत मला सर्वांत कसून शोध घेणारी वाटते ती ही बाई. तिने शेली वाचला नव्हता. शाळेत ती कधी गेली नव्हती.

टिळकांचे धर्मांतर म्हणजे एका कर्मठपणातून उडी मारून दुसऱ्यात पडणे, असा आक्षेप तेव्हाही होता. त्याचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात आहे. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंगाची चाल सोडली नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे गेलो, असे ते सांगत. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजने गातात. ‘वनवासी फूल’सारखी कविता लिहिणारा हा कवी निसर्गात देव शोधत राहिला, आणि बालकवी ठोंबऱ्यांसारख्या हिंदू पोराला त्याने स्वतःच्या घरात मुलासारखे वाढवले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनऱ्यांच्या भुवया उंचावल्या. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत ते वारले. आधी जातीने टाकले, शेवटी मिशनपासूनही ते बाजूला झाले. केशवसुतांच्या नव्या शिपायाचे जिवंत उदाहरण शोधायचे तर मी या रेव्हरंडांकडे बोट दाखवीन.

इथवरची सगळी माणसे ब्राह्मण आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच. आपला वाङ्मयेतिहास केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून मोकळा होतो. पण त्यांच्या जन्माच्या बारा वर्षे आधी, १८५४ मध्ये, सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ छापून झाला होता. त्यात फुलांवरच्या कविता आहेत आणि शूद्रांनी शिकावे म्हणून कळकळीने लिहिलेल्याही आहेत. निसर्ग आणि रूढीविरुद्धचा राग, ज्या जोडीला आपण रोमँटिक म्हणतो तीच ही. जोतिरावांनी १८७३ मध्ये काढलेल्या सत्यशोधक समाजाच्या नावातच सत्याचा शोध होता, आणि त्यांनी अभंगासारखे अखंडही रचले. हा प्रवाह आणि केशवसुतांचा प्रवाह एकाच पुणे शहरातून वाहत होते. पेठांमधले अंतर पायी अर्ध्या तासाचे, तरी कवितेला ते ओलांडायला शतक लागले.

याला छेद देणारी एक कविता केशवसुतांकडे आहे, ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’, १८८८ सालची. रस्त्यात खेळणाऱ्या एका पोराला, सावली पडेल म्हणून बाजूला हो, असे हटकले जाते. पोर घरी जाऊन आईला विचारते, असे का? आईकडे त्याला पटेल असे उत्तर नसते. बावीस वर्षांच्या केशवसुतांनी ना शास्त्र काढले ना प्रवचन केले, फक्त पोराला प्रश्न विचारू दिला. रोमँटिक कवींना मूल प्रिय, कारण मुलाची नजर रूढीने बिघडलेली नसते. वर्ड्‌स्वर्थचे हे सूत्र मराठीत आले ते थेट विटाळाच्या रस्त्यावर.

पण त्याच १८८८ मध्ये एका खऱ्या अंत्यजाने खरे प्रश्न छापून काढले होते. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले. केशवसुतांचे बालपण ज्या दापोलीच्या परिसरात गेले तीच ही दापोली. ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेत वलंगकरांनी शंकराचार्यांना आणि पंडितांना उद्देशून २६ प्रश्न विचारले. अस्पृश्यता कुठल्या शास्त्रात आहे, विटाळ शरीरात नेमका कुठे राहतो, असा त्यांचा रोख. केशवसुतांच्या कवितेतले पोर आईला विचारते, वलंगकर थेट पीठाला विचारतात. दोघांनी एकमेकांचे वाचले असण्याची शक्यता कमीच. वलंगकरांच्या प्रश्नांना पीठाकडून उत्तर आले नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह उतरले आणि पाणी प्याले, तेव्हा वाट बघण्याचा तो काळ संपला. त्यापुढची कविता त्या पोराच्या वतीने दुसऱ्या कुणी लिहिण्याची गरज उरली नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, आणि त्याच्या भाषेपुढे ‘तुतारी’सुद्धा सोवळी वाटायला लागली.